शिवसागराची रात्र मोजून द्या

चिपळूणच्या नळाला येणारं पाणी आणि शिवसागराच्या काठी तंबूत झोपणारा पुण्या-मुंबईचा पर्यटक यांचा संबंध काय, याचं उत्तर पोफळीच्या वीजघरात सापडतं. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून इकडे उतरतं, जनित्रं फिरवतं, कोळकेवाडीला थांबतं आणि वाशिष्ठीला मिळतं. धरणाच्या भिंतीमागे पसरलेला, सुमारे 50 किलोमीटर लांबीचा आणि समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटर उंचीवरचा हा शिवसागर कागदावर सातारा जिल्ह्यात असला, तरी त्याच्या पश्चिमेची धार ओलांडली की खाली रत्नागिरी जिल्ह्यातले खेड आणि चिपळूण तालुके आहेत. त्या काठावर काय चाललं आहे याची चौकशी करण्याचा हक्क रत्नागिरीला आहे. तापोळा आणि बामणोलीच्या परिसरात तंबू लागले आहेत आणि वाढत आहेत. ते असू नयेत असं माझं म्हणणं नाही. पण एका रात्री या तलावाच्या काठी किती माणसं झोपू शकतात, हा आकडा संपूर्ण तलावासाठी एकदाच ठरला पाहिजे आणि त्यातला वाटा काठावरच्या गावांच्या हातात राहिला पाहिजे. आज हिशोब होतो तो फार तर एकेका प्लॉटचा. तलावाचा कोणी करत नाही.

तलावाचे दोन काठ आज दोन वेगळ्या कायद्यांखाली जगतात. पश्चिमेला कोयना अभयारण्य. 1985 साली ते जाहीर झालं, 2010 मध्ये चांदोलीसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेलं आणि 2012 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत पश्चिम घाटाचा भाग म्हणून नोंदलं गेलं. वासोट्याच्या किल्ल्यावर जायचं तर बामणोलीत वनखात्याची परवानगी घ्यायची, बोटीने पलीकडे मेट इंदवलीला उतरायचं, पिशवीतलं प्लास्टिक मोजून दाखवायचं आणि संध्याकाळच्या आत परत फिरायचं. मुक्कामाला बंदी आहे, आणि अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 30 खाली गुन्हा आहे. वासोट्याला जाणारे या शिस्तीबद्दल कुरकुरतात, पण पाळतात. समोरच्या काठावर मात्र खासगी मळ्यांत, आणि पाणी ओसरलं की उघड्या पडणाऱ्या जमिनीवर, तंबू, शेकोटी आणि स्पीकर यांची मर्यादा मालकाच्या मर्जीवर असते. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचा 2000 सालचा नियम इथेही लागू आहे, पण तो बजावायला त्या खोऱ्यात रात्री दहाला कोण असतं?

काठ दोन असले तरी रात्र एकच आहे. सूर्य मावळला की पाण्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते आणि आवाज वर विरून जाण्याऐवजी खाली वाकून पाण्यावरून दूरवर जातो; गावातलं भजन पैलतीरावर का ऐकू येतं, हे होडीवाल्याला कोणी शिकवावं लागत नाही. उन्हाळ्यात वरचे ओढे आटले की गवे, सांबर, भेकर पाण्यावर येतात ते याच तलावाच्या कडेला आणि बहुधा अंधार पडताना किंवा उजाडताना. त्यांच्या मागावर बिबटे आणि रानकुत्रे असतात. काजव्यांची गोष्ट याहून नाजूक. नर-मादीचं संधान प्रकाशाच्या उघडझापीवर चालतं, आणि शेजारी हॅलोजन पेटला की ती खूणच हरवते. ताडोबा आणि पेंचमधून सह्याद्रीत वाघ आणण्याच्या योजनेला 2025 मध्ये केंद्राने मंजुरी दिली. एका काठावर वाघासाठी एवढा खटाटोप आणि समोरच्या काठावर शनिवारी रात्री डीजे, हे धोरण एकाच सरकारचं आहे यावर विश्वास बसणं कठीण आहे.

पाण्याच्या प्रदूषणाचा मुद्दा मी इथे मुद्दामच पुढे करत नाही. शंभर टीएमसीहून मोठ्या साठ्यात काही तंबूंचा मैला विरून जाईल. चिपळूणकरांना घाबरवून युक्तिवाद जिंकण्यात अर्थ नाही. घाण काठावर साचते, तिथल्या विहिरी-झऱ्यांत उतरते, आणि त्रास आधी तापोळ्याला होतो. तेवढंही पुरेसं वाईट आहे. पण शिवसागराची खरी दुर्मीळ गोष्ट आहे ती तिथला अंधार आणि शांतता. पाणी पावसाळ्यात पुन्हा भरतं. अंधार एकदा उजळला की परत मिळवायला फार मेहनत पडते.

यावर एक तिखट प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे. हा तलाव काही निसर्गाने दिलेला नाही. धरणाने एक अख्खं खोरं बुडवलं, मग आता कोणत्या निसर्गाचं कौतुक? खरं आहे. साठच्या दशकात पाणी अडलं तेव्हा कोयनाकाठची गावं उठली, माणसं सोलापूरपासून रायगड-रत्नागिरीपर्यंत विखुरली, आणि त्यांच्या पुढच्या पिढ्या पुनर्वसनाच्या मागण्या घेऊन अजून आंदोलनाला बसतात. पुढे अभयारण्य झालं तेव्हा जंगलातल्या वाड्यांवर पुन्हा तीच पाळी आली. पश्चिम काठावर आज जी निःशब्दता आहे ती या लोकांनी घरं सोडल्यामुळे आहे. म्हणूनच ती कोणीही येऊन भाड्याने देण्याची वस्तू होऊ शकत नाही. या शांततेतून पैसा निघणारच असेल, तर पहिला हक्क बुडालेल्या गावांच्या वारसांचा, आणि तोही शांतता शाबूत ठेवूनच.

मर्यादा वेळेत न घातल्यास काय होतं, ते पाहायला पवना धरणाच्या काठी जावं. मावळातल्या त्या पाण्याभोवती तंबूंच्या रांगा लागल्या, मग संगीताच्या, मग दिव्यांच्या माळांच्या. तंबू उभा करायला पाया लागत नाही, नकाशा मंजूर करावा लागत नाही, त्यामुळे शेजाऱ्याने दहा लावले की आपण वीस लावायचे आणि दर उतरवायचा, हीच स्पर्धा उरते. दर उतरला की शांततेसाठी येणारा पाहुणा जातो आणि गोंगाटासाठी येणारा येतो. दुसरं टोक उत्तराखंडचं. गंगेच्या वाळूवर कौडियाला ते ऋषिकेश या पट्ट्यात लागणाऱ्या तंबूंना राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर 2015 मध्ये मनाई केली. ऑगस्ट 2018 मध्ये नैनीतालच्या उच्च न्यायालयाने हिमालयातल्या बुग्याळांवर, म्हणजे उंचावरच्या कुरणांवर, रात्रीचा मुक्काम बंद केला आणि येणाऱ्यांची संख्या 200 पर्यंत बांधली. कुरणांची झीज खरी होती. पण सरसकट बंदीने मोठ्या कंपनीबरोबर गावातला वाटाड्या, खेचरवाला आणि स्वयंपाकीही घरी बसतो. सोसवेल तेवढा आकडा आधीच ठरवला असता तर न्यायालयाला कुऱ्हाड उचलावी लागली नसती. शिवसागर आज पवना आणि बुग्याळ या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहे, आणि ठरवायला वेळ आहे तो आताच.

तंबू हे शहरी फॅड आहे, ते मुळातच बंद करा, असंही काही पर्यावरणप्रेमी म्हणतात. मला ते पटत नाही. मोकळ्या रानात रात्र काढणं कोकणाला शिकवायला कोणी बाहेरून यायला नको. 1981 पर्यंत आपल्याच जिल्ह्यात असलेल्या मालवण तालुक्यात आचऱ्याची गावपळण आहे. रामेश्वराचा कौल घेऊन सारा गाव घरांना कुलपं लावतो आणि गुरं-कोंबड्यांसह वेशीबाहेर राहुट्यांत तीन दिवस, तीन रात्री राहतो. चिंदर, वायंगणीतही ही रीत आहे. त्यामागची श्रद्धा काहीही असो, तिची घडण पाहण्यासारखी आहे: दिवस ठरलेले, जागा ठरलेली, कोणी कुठे राहायचं ते गावाच्या संमतीने, आणि परत कधी फिरायचं तेही ठरलेलं. गावाला माणसांपासून विश्रांती द्यायची असते, ही कल्पना आपल्या आजोबांना सुचली होती. व्यवस्थापनाच्या पुस्तकांतली ‘वहनक्षमता’ ही कल्पना तिच्या जवळची आहे.

सगळ्यात गंभीर आक्षेप रोजगाराचा आहे. कांदाटी खोऱ्यातला किंवा खेडच्या डोंगरपट्ट्यातला तरुण मुंबईला जातो कारण भात आणि नाचणीवर घर चालत नाही. तंबू हा त्याला परवडणारा जवळजवळ एकमेव धंदा आहे. खोल्या बांधायला भांडवल नाही, बँक दारात उभी करत नाही. त्याला मर्यादा घालणं म्हणजे पोटावर पाय, असं म्हणणाऱ्याला उडवून लावता येणार नाही. पण मर्यादा नसलेल्या बाजारात हा तरुण टिकतो का, हेही विचारावं. ज्याच्याकडे संकेतस्थळ, जाहिरात आणि शंभर तंबू आहेत तो जमीन वर्षाच्या बोलीने घेतो, आणि जमीनमालकाचा मुलगा त्याच जमिनीवर ताटं उचलतो. तंबूंची एकूण संख्या बांधलेली असेल आणि परवाना फक्त काठावरच्या गावांतल्या कुटुंबाला, हस्तांतर न करता मिळणार असेल, तर दर टिकतो आणि पैसा गावात राहतो. थोड्या जागा असल्या की मोल असतं, हे हापूसवाल्या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको.

याच आक्षेपाची दुसरी बाजू अधिक बोचरी आहे. गरिबाच्या तंबूला आकडा आणि श्रीमंताच्या रिसॉर्टला लाल गालिचा, असं झालं तर ही मर्यादा निव्वळ अन्याय ठरेल. भीती काल्पनिक नाही. सातारा जिल्ह्यातल्या अनेक गावांसाठी ‘नवे महाबळेश्वर’ गिरिस्थानाची योजना राज्य रस्ते विकास महामंडळाकडे सोपवलेली आहे, आणि शिवसागराचा काठ तिच्या कक्षेत येतो. म्हणून मोजायचे ते तंबू नव्हेत, मोजायच्या त्या गाद्या. तंबूतली, होमस्टेमधली, बंगल्यातली आणि रिसॉर्टमधली प्रत्येक गादी एकाच हिशोबात धरली, आणि वाटपात स्थानिकांची बाजू आधी भरली, तरच या आकड्याला नैतिक अधिकार राहील. तसं करणार नसाल तर तंबूवाल्यालाही हात लावू नका.

अंमलबजावणी कोण करणार, हा प्रश्न नेहमीच शेवटी हसत विचारला जातो. काठ जलसंपदाचा, जंगल वनखात्याचं, सातबारा महसूलचा, पर्यटक पर्यटन खात्याचा, आणि गोंधळ झाला की फोन पोलीस पाटलाला. पण वासोट्याचा दाखला समोर आहे. तिथली शिस्त टिकली कारण जाण्याची वाट एक आहे: बोटीचा धक्का. बोटवाले गावातले, परवानगीची खिडकी तिथेच, आणि परतीची वेळ बोटीच्या वेळेशी बांधलेली. तलावाकाठी पोचण्याचे गाडीरस्तेही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. नोंदणीचा क्रमांक नसलेल्या तंबूत पाहुणा उतरवला तर दंड, आणि दंडातला हिस्सा ग्रामपंचायतीला, एवढी सोय केली तरी शेजारीच शेजाऱ्यावर लक्ष ठेवेल. साहसी पर्यटनासाठी राज्याने 2021 मध्ये धोरण आणलं, नोंदणीची चौकट त्यात आहे. कमी आहे ती तलावाच्या नावाने लिहिलेल्या एका आकड्याची.

धारेच्या अलीकडे, आपल्या बाजूला, परिस्थिती वेगळी आणि जास्त नाजूक आहे. रत्नागिरी जिल्ह्यात झाडी भरपूर, पण वनखात्याच्या मालकीचं जंगल अगदी थोडं. बहुतेक रान खासगी, सामाईक किंवा देवराईचं. चोरवण्याहून नागेश्वरची वाट, खोपीहून चढणारा रघुवीर घाट, चिपळूणच्या पूर्वेची तिवऱ्याची खोरी, इथे पर्यटक वाढणारच. तिथे अभयारण्याची चौकी मदतीला येणार नाही. उतारावर तंबूसाठी जेसीबी लावून पायऱ्या कापल्या तर काय होतं, ते पोसऱ्याच्या 2021 च्या दरडीनंतर खेड तालुक्याला समजावून सांगायची गरज नाही. तिथला उतार कशाने सुटला हा वेगळा विषय, पण पावसात भिजलेला डोंगर कापायचा नसतो एवढं तरी कळलं. जून ते सप्टेंबर या पट्ट्यात रात्रीचा मुक्काम बंद, याला पर्याय नाही.

देवराईत कोयता न्यायचा नाही हा नियम या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या कोणत्याही खात्याशिवाय पाळला आहे. त्याच ग्रामसभेला आणखी एक ठराव जड नाही: गावाच्या हद्दीत एका रात्री जास्तीत जास्त किती पाहुणे, शेकोटी कोणत्या एका जागी, झरा-ओढ्यापासून तंबू किती अंतरावर, आणि दिवे कधी मालवायचे. पाऊस ओसरला की बाहेरचे लोक जागा बघायला येतात, आणि पहिली बोली साधारण दिवाळीआधी लागते. ठराव त्याच्या आधीच्या सभेत व्हायला हवा.