यंत्र ऐकणारा कान

डोंबिवलीतील एक सूनबाई आपल्या ७६ वर्षांच्या सासऱ्यांना घेऊन दवाखान्यात आल्या. तक्रार सासऱ्यांची नव्हती, सूनबाईंचीच होती. “डॉक्टर, बाबा ऐकूनही न ऐकल्यासारखं करतात. चहा घेणार का विचारलं, तर म्हणतात, दहा कुठे वाजलेत अजून! आणि परवा आतल्या खोलीतून उठून स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, मिक्सरचा बुश गेलाय, आवाज ऐक. मिक्सरचा बुश ऐकू येतो आणि सुनेचा शब्द ऐकू येत नाही, याला काय म्हणायचं?”

आजोबा खाली मान घालून बसले होते. त्यांच्या मौनात राग नव्हता, अपमान होता. मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढली आणि सावकाश विचारले, “काका, नोकरी कुठे केलीत?” तसे त्यांचे डोळे उजळले. “मशिनिस्ट. वागळे इस्टेटला. अप्रेंटिस म्हणून लागलो, तेव्हा अठरा वर्षांचा होतो.” पुढची वीस मिनिटे ते बोलत होते आणि सूनबाई चकित होऊन ऐकत होत्या. लग्नाला पंधरा वर्षे झाली, पण सासऱ्यांनी तरुणपणी नेमके काय शिकले, हे त्यांनी कधी विचारले नव्हते. विचारण्याचे काही कारणही पडले नव्हते.

वाचकहो, रुग्णाला त्याचा व्यवसाय विचारावा, हा आग्रह वैद्यकात जुना आहे. इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी १७०० मध्ये कामकऱ्यांच्या आजारांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि वैद्याने विचारायच्या प्रश्नांत या प्रश्नाची भर घातली. तांब्याची भांडी ठोकणाऱ्या कारागिरांना पुढे ऐकू येईनासे होते, हेही त्यांनी नोंदवले. आपल्याकडच्या तांबट आळीत आयुष्य गेलेल्या कुटुंबांना हे सांगण्यासाठी ग्रंथाची गरज पडली नसती.

ठाणे, कळवा, डोंबिवली, अंबरनाथ या पट्ट्यात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली. त्याच वर्षी १ मार्चपासून शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ अमलात आला. एकीकडे वागळे इस्टेट, डोंबिवली, अंबरनाथ येथे कारखाने उभे राहत होते आणि दुसरीकडे आयटीआयमधून फिटर, टर्नर, मशिनिस्ट होऊन बाहेर पडलेल्या मुलांना त्या कारखान्यांत रीतसर शिकता येऊ लागले. चाळीतल्या एखाद्या घरात मुलाला अप्रेंटिसशिप मिळाली की पेढे वाटले जात. ती मुले आज पंच्याहत्तरीच्या आसपास आहेत, आणि तुमच्यापैकी अनेकांच्या घरांत आहेत.

ते शिक्षण कसे होते, हे एकदा समजून घ्यायला हवे. पहिले काही महिने यंत्राला हात लावायला मिळत नसे. व्हाइसमध्ये पोलादाचा ठोकळा धरायचा आणि कानशीने तो घासत राहायचा. पृष्ठभाग सपाट झाला का, हे पाहण्यासाठी त्यावर गुण्या उभा धरून उजेडाकडे बघायचे. पात्याखालून प्रकाशाची रेघ दिसली, की पुन्हा घासणे. हाताला फोड येत, ते फुटत, त्या जागी घट्टे पडत. त्यानंतर व्हर्नियर, मग मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजणारा मायक्रोमीटर. मग लेथ, शेपर, मिलिंग मशीन. टूलला ग्राइंडरवर धार लावणे ही स्वतंत्र विद्या होती. कोन जरा चुकला, तर टूल कापण्याऐवजी धातूला घासत बसे.

आणि या सगळ्याच्या मुळाशी होता कान. आजोबा म्हणाले, “आमचे उस्ताद सांगायचे, जॉबकडे नुसता बघू नकोस, मशीन ऐक.” टूलची धार गेली की आवाज बदलतो. जॉब नीट पकडला नसेल, तर थरथरीचा कर्कश सूर उठतो. बेअरिंग कोरडे पडले, तर खालच्या पट्टीत घरघर सुरू होते. कसबी मशिनिस्ट पाठ वळलेली असतानाही सांगू शके, की तिसऱ्या मशीनवरच्या पोराने फीड जास्त दिला आहे. मायक्रोमीटर हातात येण्याआधी त्याला मिळालेले पहिले मापयंत्र म्हणजे त्याचा कानच होता.

म्हणूनच कानात बोळे घालणे त्या काळी अनेकांना कमीपणाचे वाटे. बोळे घातले तर मशीन ऐकू कसे येणार? कायदा मात्र शिकाऊ मुलांना विसरला नव्हता. शिकाऊ उमेदवार हा कामगार नव्हे, प्रशिक्षणार्थी आहे, असे तो कायदा सांगतो. परंतु आरोग्य, सुरक्षितता आणि कल्याण यांबाबत कारखाने अधिनियमातील तरतुदी त्याला कामगाराप्रमाणेच लागू होतील, हेही त्याच्या चौदाव्या कलमात लिहिले होते. कारखाने अधिनियमाच्या आजारांच्या परिशिष्टात गोंगाटाने येणाऱ्या बधिरतेचाही समावेश झाला. मात्र कागदावरची तरतूद अठरा वर्षांच्या मुलाच्या कानापर्यंत प्रत्येक ठिकाणी पोहोचलीच असे नाही.

त्या कानात काय घडते, ते पाहू. अंतर्कर्णात शंखाच्या आकाराची एक नाजूक नलिका असते. तिच्यात सुमारे १५ ते १६ हजार संवेदनशील केशपेशी असतात. एकेक गट एकेका पट्टीचा आवाज टिपतो. सततच्या मोठ्या आवाजाने या पेशी थकतात आणि अखेर मरतात. मेलेली केशपेशी पुन्हा उगवत नाही. हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागत असेल, तर तेथील गोंगाट कानाला घातक असण्याचा संभव आहे, ही साधी कसोटी लक्षात ठेवावी. आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. गोंगाटामुळे होणारे नुकसान पहिल्या १० ते १५ वर्षांत सर्वांत वेगाने होते. म्हणजे सत्तरीत जाणवणाऱ्या बहिरेपणाचा मोठा हिस्सा शिकाऊपणाच्या आणि त्यालगतच्या वर्षांतच कानात साठलेला असू शकतो. वयोमानाने येणारी श्रवणहानी पुढे त्यात मिसळते.

आता सूनबाईंच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. गोंगाट प्रथम वरच्या पट्टीच्या पेशींना मारतो. खालच्या पट्टीचे आवाज बऱ्याच अंशी शाबूत राहतात. मिक्सरची घरघर खालच्या पट्टीत असते, म्हणून ती आजोबांना ऐकू येते. आपल्या बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीत असतात, तर च, स, श, फ, थ यांसारख्या व्यंजनांची ओळख वरच्या पट्टीत असते. त्यामुळे ‘चहा’मधला ‘अहा’ तेवढा पोहोचतो आणि पुढचे अक्षर मेंदू अंदाजाने भरतो. कधी ‘चहा’ होतो, कधी ‘दहा’. पंखा, टीव्ही किंवा कुकरची शिट्टी मध्ये आली, की अंदाजही चुकतो. स्त्रियांचे आणि मुलांचे आवाज मुळातच वरच्या पट्टीचे, म्हणून सुनेचे आणि नातवंडांचे बोलणे सर्वांत आधी हरवते. यात दुर्लक्ष नाही आणि ढोंगही नाही.

अशा घरात काय करावे? प्रथम कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून कानात मळ साचलेला नाही याची खात्री करून घ्यावी, आणि मग श्रवणतपासणी करावी. एका कानाने अचानक, एक-दोन दिवसांत ऐकू येईनासे झाले, तर मात्र थांबू नये. ती तातडीची बाब आहे. बोलताना समोर यावे, चेहऱ्यावर उजेड असावा, आधी नावाने किंवा नात्याने हाक मारावी. ओरडू नये, ओरडल्याने स्वरच मोठे होतात, व्यंजने स्पष्ट होत नाहीत. एक वाक्य दोनदा कळले नाही, तर तेच तिसऱ्यांदा न म्हणता शब्द बदलून सांगावे.

श्रवणयंत्राबाबत घाई आणि निराशा दोन्ही टाळावीत. पहिल्या दिवशी ताटावाटीचा आवाजही असह्य वाटतो. रोज तास-दोन तासांपासून सुरुवात करून काही आठवड्यांत वेळ वाढवावी. वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत श्रवणविषयक तपासणी आणि मार्गदर्शन मिळते. उत्पन्न कमी असेल, तर श्रवणयंत्रासाठीच्या सरकारी योजनांची चौकशी तेथे जरूर करावी. हा खर्च चैनीचा नाही. प्रौढ वयातील श्रवणहानी हा स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या जोखमींपैकी एक मोठा घटक आहे, असे ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञ आयोगाने २०१७ पासून सातत्याने मांडले आहे. ऐकू न येणारा माणूस गप्पांतून बाजूला होतो आणि त्याचे एकटेपण वाढत जाते.

कानाइतकीच डोळ्यांची एक बाब प्रत्येक जुन्या मशिनिस्टच्या घरात ठाऊक असावी. ग्राइंडरवर टूल घासताना लोखंडाचे बारीक कण उडतात. तरुणपणी असा कण डोळ्यात गेला असेल, सहकाऱ्याने रुमालाच्या टोकाने काढला असेल, आणि पुढे तो प्रसंग विसरलाही गेला असेल. पण एखादा कण आत राहिला असेल आणि आज एमआरआय करायची वेळ आली, तर त्या प्रचंड चुंबकाच्या ओढीने तो हलून डोळ्याला गंभीर इजा होऊ शकते. म्हणून एमआरआयपूर्वी ‘मी लोखंडाच्या कापकामात होतो, डोळ्यात कण गेला होता’ हे तंत्रज्ञांना आवर्जून सांगावे. शंका असल्यास ते आधी डोळ्यांचा एक्स-रे काढतात. रुग्णाला स्वतः सांगता येत नसेल, तर ही जबाबदारी काळजी घेणाऱ्याची.

तिसरी गोष्ट त्वचेची. टूलवर सोडले जाणारे दुधासारखे कूलंट आणि खनिज तेले यांत वर्षानुवर्षे भिजलेले हात कोरडे पडतात, भेगाळतात. त्यांना सौम्य साबण आणि अंघोळीनंतर लगेच लावलेले तेल किंवा मलम पुरेसे होते. मात्र पूर्वीच्या अशुद्ध खनिज तेलांचा त्वचेच्या कर्करोगाशी संबंध सिद्ध झालेला आहे. हातांवर, चेहऱ्यावर किंवा जांघेच्या भागात न भरणारी जखम वा वाढणारी गाठ दिसली, तर संकोच न करता दाखवावी.

निवृत्तीपर्यंत ज्यांचे राज्य कामगार विमा योजनेचे योगदान कापले जात होते, त्यांनी आणखी एक चौकशी करावी. किमान ५ वर्षे विमाधारक राहून वयोमानाने निवृत्त झालेल्या कामगाराला आणि त्याच्या पत्नीला वर्षाला १२० रुपये भरून वैद्यकीय लाभ चालू ठेवण्याची सोय योजनेच्या नियमांत आहे. ठाण्यात वागळे इस्टेट येथे आणि उल्हासनगर येथे योजनेची रुग्णालये आहेत. जुने ओळखपत्र कपाटात असेल, तर ते घेऊन शाखा कार्यालयात जावे.

त्या वर्षांनी शरीराकडून जसे घेतले, तसे दिलेही आहे. हाताने शिकलेले कसब स्मृतीच्या वेगळ्या कप्प्यात राहते. स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीच्या काळात नावे आणि तारखा निसटतात, तरी हातांची सवय पुष्कळदा टिकून असते. अशा आजोबांना नट-बोल्ट आकाराप्रमाणे लावायला द्यावेत, जुना व्हर्नियर हातात द्यावा, काय मोजले ते विचारावे. विजेवर चालणारी आणि धारदार हत्यारे मात्र कुलपात असावीत. ‘तुम्ही बसा हो निवांत’ या वाक्याने माणसाला जितके निरुपयोगी वाटते, तितके क्वचितच दुसऱ्या कशाने वाटत असेल.

आमच्या आजोबांच्या तपासणीत अपेक्षित तेच निघाले. दोन्ही कानांचा आलेख वरच्या पट्टीत खोल दरीसारखा उतरला होता. सूनबाईंनी तो कागद बराच वेळ पाहिला आणि हळूच म्हणाल्या, “म्हणजे मी उगाचच बोलत होते त्यांना.” मी म्हटले, उगाच नाही, ठाऊक नव्हते, इतकेच.

दीड महिन्यानंतर ते पुन्हा आले, तेव्हा सोबत नातू होता. तो नुकताच आयटीआय संपवून एका कारखान्यात सीएनसी यंत्रावर शिकाऊ उमेदवार म्हणून लागला आहे. आजोबा रोज सकाळी दारात त्याची तपासणी घेतात: गॉगल, कानाचे प्लग, बाह्या नीट, बोटात अंगठी नाही. आणि एक जुना नियम ते अजूनही वदवून घेतात: मशीन सुरू करण्याआधी चकमधली चावी काढायची. सीएनसीवर चकला चावी नसते, असे नातू दर वेळी सांगतो. “नसली तरी बघायची,” आजोबांचे उत्तर ठरलेले.

“आणि मीही त्यांची तपासणी घेतो,” नातू म्हणाला. आजोबांनी हसून कानामागचे यंत्र बोटाने चाचपून दाखवले. ते त्या दिवशी चालू होते.