आबेल राजाची शपथ आणि वर्गातली ‘आईशप्पथ’



इतिहास शिकवताना आपण मोठ्या राजांना भरपूर तासिका देतो. ज्याने जेमतेम दोन वर्षं राज्य केलं, तो एका ओळीत आटोपतो. माझं मत जरा वेगळं आहे. अशा राजाची गोष्ट मुलांना मुद्दाम सांगावी. डेन्मार्कचा राजा आबेल याचंच उदाहरण बघा.

1241 मध्ये डेन्मार्कचा राजा दुसरा वाल्देमार वारला. त्याने हयातीतच, 1232 मध्ये, मुलगा एरिक याला राज्याभिषेक करवून घेतला होता. एरिकचा धाकटा भाऊ आबेल हा श्लेस्विग प्रांताचा ड्यूक होता. वडील गेल्यावर दोघा भावांत वर्षानुवर्षं लढाया झाल्या. ऑगस्ट 1250 मध्ये एरिक श्लेस्विगला आबेलकडे पाहुणा म्हणून गेला आणि तिथेच त्याचा खून झाला. संशय अर्थातच आबेलवर आला. त्याने काय केलं? स्वतः शपथ घेतली आणि आपल्या बाजूने चोवीस सरदारांनाही शपथ घ्यायला लावली, की यात माझा हात नाही. त्या काळी एवढं पुरेसं होतं. 1 नोव्हेंबर 1250 रोजी त्याला राज्याभिषेक झाला.

आता आपल्या वर्गाकडे या. कुणाची पेन्सिल हरवली की पहिला शब्द काय ऐकू येतो? ‘आईशप्पथ, मी नाही घेतली!’ लगेच दोन मित्रही त्याच्या बाजूने उभे राहतात. म्हणून मुलांना विचारा, चोवीस जणांनी शपथ घेतली म्हणजे गोष्ट खरी ठरते का? खरं काय ते कळायला आणखी काय बघावं लागेल? शपथ आणि पुरावा यांतला फरक मुलं इथे स्वतःच शोधून काढतील.

गोष्ट इथे संपत नाही. जून 1252 मध्ये कर न देणाऱ्या फ्रिजियन लोकांवर आबेल चालून गेला आणि त्या मोहिमेत मारला गेला. मग गादी कुणाची? आबेलचा मोठा मुलगा वाल्देमार तेव्हा परमुलखात, कोलोनच्या आर्चबिशपच्या कैदेत होता. डेन्मार्कमध्ये राजा निवडला जाई, पण तो राजघराण्यातलाच असे. मुलगा आधी की भाऊ आधी, हे पक्कं ठरलेलं नव्हतं. सरदारांनी आबेलचा धाकटा भाऊ ख्रिस्तोफर याला राजा केलं. आबेलच्या मुलांकडे पुढे श्लेस्विगची ड्यूकगिरी आली, राजगादी नाही. श्लेस्विगवरून दोन्ही घराण्यांतला वाद पुढच्या पिढ्यांनाही पुरला.

काही पालक म्हणतील, ‘अहो, खुनाच्या गोष्टी मुलांना कशाला?’ शंका रास्त आहे. रक्ताचं वर्णन नकोच. पाचवी-सहावीच्या मुलांना एवढंच विचारा, की बापाच्या वागण्यात मुलांचा काय दोष? ख्रिस्तोफर राजा झाला हे योग्य झालं का? एक बाजू धरा आणि कारण सांगा. उत्तरं वेगवेगळी येतील, येऊ द्या. आपण निकाल द्यायची घाई करू नये.

‘आबेल वाईट, एरिक चांगला’ एवढंच सांगितलं तर मुलं दोन नावं पाठ करतील आणि परीक्षेनंतर विसरतील. पण नियम आधी ठरलेला नसला की ज्याचा जोर त्याची गादी, हे एकदा कळलं की ती मैदानावरही विचारतील, ‘आधी बॅटिंग कुणाची, हे कसं ठरवायचं?’ घरातही तेच. वाटणी असो, टीव्हीचा रिमोट असो, भांडण व्हायच्या आधी नियम सांगा आणि तो धाकट्या-थोरल्याला सारखाच लावा. कोण खरं बोलतंय हे ठरवताना शपथा मोजू नका, नीट चौकशी करा.

सनावळ्या मुलं पुढे पुस्तकात बघू शकतील. न्याय कसा करायचा, हे मात्र ती आपल्याकडे बघूनच शिकतात.