हिऱ्यांची मालकी आणि माणसांचे काम

अर्थशास्त्र शिकवीत असताना आफ्रिकेच्या विकासाचा विषय निघाला की मी बोत्सवानाचे उदाहरण हटकून देत असे. खनिजे राष्ट्राच्या मालकीची आणि राज्यकर्ते सचोटीचे असतील, तर दरिद्री देशही स्वतःच्या पायांवर उभा राहू शकतो, हे त्यातून सांगावयाचे असे. ते चुकीचे नव्हते. परंतु अपुरे होते, असे आज वाटते.

३० सप्टेंबर १९६६ रोजी हा देश ब्रिटिश अंमलातून मुक्त झाला, तेव्हा जगातील अत्यंत गरीब देशांत त्याची गणना होई. बहुतेक भूमी कालाहारीच्या रखरखाटाने व्यापलेली. डांबरी रस्ता जेमतेम दहा-बारा किलोमीटर. पुढच्याच वर्षी ओरापा येथे हिरे सापडले. हा प्रदेश पहिले अध्यक्ष सेरेत्से खामा यांच्या स्वतःच्या जमातीचा. तरीही १९६७ च्या कायद्याने खनिजांवरील हक्क जमातींकडून राष्ट्राकडे आले. डी बीअर्स कंपनीबरोबरच्या भागीदारीत सरकारचा वाटा आरंभी १५ टक्के होता. वाटाघाटी करून १९७५ मध्ये तो ५० टक्क्यांवर नेण्यात आला. अंगोला व सिएरा लिओन येथे हिऱ्यांनी यादवी पोसली. बोत्सवानात त्यांनी शाळा, दवाखाने आणि रस्ते उभारले. १९९४ साली अत्यल्प विकसित देशांच्या यादीतून वर येणारा तो पहिला देश ठरला. एड्सच्या साथीने आयुर्मान पन्नाशीच्या आसपास घसरले, तेव्हा २००२ पासून सरकारने मोफत औषधोपचार सुरू केले आणि लक्षावधी प्राण वाचविले. हे यश लहान नाही.

मग उणे कोठे राहिले? हिऱ्यांच्या खाणी भांडवलप्रधान असतात. अवाढव्य यंत्रे राष्ट्रीय उत्पन्न वाढवितात, पण थोड्याच हातांना काम देतात. शाळांतून शिकून बाहेर पडलेल्या तरुणांना सामावून घेणारे उद्योग उभे राहिले नाहीत, आणि पंचवीस लाखांच्या या देशात बेकारी हा कायमचा रोग होऊन बसला. पशुधन ही तेथील दुसरी संपत्ती. परंतु १९७५ च्या कुरणविषयक धोरणाने सामायिक चराऊ जमिनी मोठ्या गोधनवाल्यांना कुंपण घालण्यास मोकळ्या केल्या. परिणामी, दरडोई उत्पन्नात मध्यम गटात गेलेल्या या देशाचा विषमता दाखविणारा गिनी निर्देशांक २०१५-१६ च्या पाहणीत ५३ वर होता. जगातील सर्वाधिक विषम देशांतली ही गणना आहे. कालाहारीच्या मूळ रहिवासी सान लोकांना तर १९९७ आणि २००२ मध्ये त्यांच्याच भूमीवरून हलविण्यात आले. परतण्याचा हक्क २००६ मध्ये आणि विहिरीच्या पाण्याचा हक्क २०११ मध्ये त्यांना न्यायालयातून मिळवावा लागला. सरासरी उत्पन्नाच्या आकड्यांत ही माणसे कोठेच दिसत नाहीत.

आता तर तो आधारही डळमळला आहे. प्रयोगशाळेत तयार होणाऱ्या हिऱ्यांमुळे खाणीच्या हिऱ्यांची मागणी घटली. निर्यातीचा सुमारे चार-पंचमांश भाग ज्यावर अवलंबून, तेच उत्पन्न आटले. ऑक्टोबर २०२४ च्या निवडणुकीत ५८ वर्षे सत्तेवर असलेला पक्ष जनतेने शांतपणे पायउतार केला. पण तिजोरी मतपेटीतून भरत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये औषधांच्या टंचाईमुळे नव्या अध्यक्षांना आरोग्याची आणीबाणी जाहीर करावी लागली. ज्या देशाने मोफत औषधे देऊन जगाला धडा दिला, त्याच्याच रुग्णालयांत औषधे मिळेनाशी झाली.

यावरून कोणी म्हणेल की राष्ट्रीय मालकी फसली. हा निष्कर्ष सर्वस्वी खोटा आहे. मालकी खासगी असती तर मधल्या काळातील शाळा आणि दवाखानेही झाले नसते. फसली ती ही समजूत, की मालकी राष्ट्राची झाली म्हणजे समाजवादाचे काम संपले. उत्पन्न सरकारकडे आणि तेथून कल्याणकारी योजनांतून लोकांकडे, या वाटेत माणूस केवळ घेणारा राहतो. काम, जमीन आणि निर्णयाचा हक्क हाती असल्यावाचून जीवनमान टिकाऊ होत नाही.

त्या हिऱ्यांना पैलू पाडणारे पुष्कळ हात सुरतेत आहेत, आणि त्यांचा बाजार मुंबईत. मागणी घटताच तेथील कारागीरही कामाला मुकले. खाणीवर कष्टणारा आणि घंटीवर बसणारा, दोघांचे दैव एकाच दूरच्या बाजारपेठेशी बांधलेले आहे. बोत्सवानाचा हा धडा आपल्यासाठीही आहे: संपत्ती कोणाच्या मालकीची हे विचाराच, पण ती किती हातांना काम देते, हेही तितक्याच आग्रहाने विचारा.