तांडा नुसत्या मायेवर चालत नव्हता

रामनवमीला पोहरादेवीत पाय ठेवायला जागा नसते. तेलंगण, कर्नाटक, आंध्रातून भरभरून आलेल्या गाड्या, फेटिया-कांचळी ल्यालेल्या बाया, संत सेवालाल महाराजांच्या समाधीपुढची लांबच लांब रांग. वाशीम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यातलं हे गाव म्हणजे बंजारा समाजाची काशी. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी इथं नंगारा वस्तुसंग्रहालयाचं उद्घाटन झालं आणि समाजाचा इतिहास एका छताखाली आला. भाविक तो अभिमानानं पाहतात, मुलांना दाखवतात. पण या इतिहासात आणखी एक गोष्ट आहे. पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांत माणसं नेमणाऱ्यांनी ती इथं येऊन समजून घ्यावी. वेगवेगळ्या स्वभावांची माणसं एका कामाला कशी जुंपायची, हे बंजाऱ्यांच्या फिरत्या तांड्याला शेकडो वर्षं ठाऊक होतं.

लदेणी म्हणजे बैलांच्या पाठीवर धान्य, मीठ लादून दूरदेशी नेण्याचा व्यवसाय. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला १६३२ साली उत्तर हिंदुस्थानात एक तांडा भेटला. त्यात १४ हजार बैल होते. अशा तांड्याबरोबर बाया-मुलं धरून सहाशे-सातशे माणसं असतात, असं तो नोंदवून गेला आहे. रोज पहाटे गोण्या लादायच्या, रोज मुक्कामाला उतरवायच्या. पुढं जाऊन पाणी आणि चारा शोधायचा, रात्री राखण करायची, आजारी बैलाचा माल दुसऱ्याच्या पाठीवर चढवायचा. यात एकाचा आळस दुसऱ्याच्या अंगावर येतो. एकाच्या तापट तोंडामुळं वाटेतल्या गावाशी भांडण होऊन सगळा तांडा अडकतो. आणि नकोसा माणूस काढून टाकायची सोय नाही. तो कुणाचा तरी भाऊ असतो, कुणाचा तरी जावई.

मग हे चालायचं कसं? माया होती, नातं होतं, गोरबोलीसारखी आपली बोली होती. तेवढ्यानं भागलं नसतं. तांड्याला नायक असे आणि नायकाला कारभारी. दिशा नायकानं ठरवायची, ती अमलात येते का हे कारभाऱ्यानं पाहायचं. दोन वेगळ्या स्वभावांच्या माणसांना दोन वेगळी कामं. आणि भांडण झालंच तर नसाब बसे. जाणती मंडळी एकत्र येत, दोन्ही बाजू सगळ्यांसमोर मांडल्या जात, मग निवाडा होई. भांडण होणारच, हे गृहीत धरूनच ही व्यवस्था उभी होती. ‘आमच्यात भांडणं होतच नाहीत’ असं मिरवणाऱ्या कचेरीपेक्षा हे कितीतरी शहाणपणाचं होतं.

याच इतिहासाची दुसरी बाजूही सांगायला हवी. सतराव्या शतकात हिंदुस्थानभर फिरलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए लिहितो, की या लमाणांचे, म्हणजे बंजाऱ्यांचेच, चार मोठे गट होते. कुणी गहू वाहायचे, कुणी तांदूळ, कुणी डाळी, कुणी मीठ. गव्हाचा तांडा आणि तांदळाचा तांडा समोरासमोर आले, की वाट कुणी कुणाला द्यायची यावरून रक्तपात व्हायचा. धान्याची वाहतूक बिघडू लागली, तेव्हा मोगल बादशहानं दोन्ही नायकांना बोलावून घेतलं, सलोख्यानं वागायला सांगितलं आणि प्रत्येकाला एक लाख रुपये आणि मोत्यांची माळ दिली. आतून इतके जुळलेले लोक बाहेरच्याला बैलभर वाट द्यायला तयार नव्हते. ज्या गटात सगळे एकसारखे, त्याची एकी पुष्कळदा शेजारच्या गटाच्या मुळावर येते. आजच्या कंपनीत विक्री विभाग आणि हिशेब विभाग यांच्यात जे चालतं, ते यापेक्षा फार निराळं नसतं.

म्हणूनच ‘कल्चर फिट’ या शब्दाकडं सावधपणे पाहायला हवं. मुलाखत घेणाऱ्याला उमेदवार ‘आपल्यातला’ वाटला की तो फिट. एकाच प्रकारची शाळा, तसंच इंग्रजी, तेच विनोद, तेच सिनेमे. रेल्वे आली, लदेणी मोडली आणि तांडे जागोजागी स्थिरावले. त्या तांड्यांतली मुलं आज पदव्या घेऊन शहरात पोचतात आणि या अदृश्य चाळणीत अडकतात. काम येतं, पण जेवणाच्या सुट्टीतल्या गप्पांत सूर लागत नाही. त्याला स्वभाव जुळत नाही असं म्हणणं अन्यायाचं आहे. तिथं फक्त ओळखीचेपणा तपासला जातो, आणि ओळखीचेपणा म्हणजे जुळणं नव्हे.

संशोधनही याच बाजूला झुकतं. गूगलनं २०१२ साली आपल्याच सुमारे १८० गटांचा अभ्यास सुरू केला. चांगल्या गटात कोणत्या स्वभावाची माणसं असतात याचं सूत्र सापडेल, अशी अपेक्षा होती. ते सापडलं नाही. गटात कोण आहे यापेक्षा ती माणसं एकमेकांशी कशी वागतात, चूक कबूल करायची किंवा अडाणी वाटणारा प्रश्न विचारायची भीती वाटते की नाही, यावर बरंच काही अवलंबून होतं. संशोधक एमी एडमंडसन यांना त्याआधीच इस्पितळांत एक विचित्र गोष्ट दिसली होती. ज्या वॉर्डांतली माणसं एकमेकांशी चांगली वागत, तिथंच औषधांच्या चुकांची नोंद जास्त. खरं कारण असं, की तिथं चुका लपवल्या जात नव्हत्या.

तरी स्वभावाला काहीच किंमत नाही असं म्हणता येत नाही. संशोधक सुझान बेल यांनी २००७ साली कितीतरी जुन्या अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले. प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी गटातल्या सर्वांत कमी मिळतंजुळतं घेणाऱ्या माणसाचा स्वभाव पूर्ण गटाच्या कामगिरीशी घट्ट बांधलेला दिसला. नऊ जण कितीही समजूतदार असोत, दहावा रोज कुणाचा तरी पाणउतारा करत असेल, तर हळूहळू सगळेच तोंड मिटून घेतात.

हे कळायला ऊसतोडीच्या टोळीइतकं चांगलं ठिकाण नाही. मराठवाड्यातून आणि विदर्भातूनही कितीतरी बंजारा कुटुंबं हंगामाला कारखान्यांवर जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. असे कोयते मिळून टोळी होते. फडात ऊस तोडायचा, वाढं छाटायचं, मोळ्या बांधायच्या आणि रात्री-अपरात्री गाडी येईल तेव्हा त्या डोक्यावरून चढवायच्या. मजुरी टनावर. एका कोयत्यानं खाडा केला, की त्याच्या वाटच्या मोळ्या इतरांच्या मानेवर येतात. राहायच्या कोप्या एकमेकींना खेटून असतात, म्हणजे दिवसाचं भांडण रात्रीही शेजारीच झोपतं. अशा कामात सोबती कोण, हा प्रश्न पोटाचा असतो.

या चित्राला रंग चढवून सांगणं मात्र खोटं ठरेल. टोळी टिकते ती पुष्कळदा हंगामाआधी घेतलेल्या उचलीच्या कर्जामुळं. जुळत नसलं तरी सोडून जाता येत नाही, कारण टोळी जमवणाऱ्या मुकादमाचे पैसे अंगावर असतात. नसाबीतही बायांना बरोबरीची जागा नव्हती. लदेणीतलं अर्धं ओझं वाहणाऱ्यांना निवाड्यात आवाज नसावा, हा त्या व्यवस्थेतला मोठा दोष होता. जुन्यातलं घ्यायचं असेल तर तो दोष टाकूनच घ्यावं लागेल.

घेण्यासारखं आहे ते हेच, की कामं स्पष्ट वाटलेली असावीत आणि तंटा सोडवायची जागा सगळ्यांना माहीत असावी. आपल्याकडच्या किती बँका, शाळा, पंचायत समित्या, खासगी कंपन्या यांच्याकडं अशी जागा आहे? तक्रारपेटी भिंतीवर असते, पण ती कोण उघडतो हे कुणाला सांगता येत नाही. दोन सहकाऱ्यांचं बोलणं बंद झालं, की त्यांपैकी एकाची बदली करून साहेब मोकळे होतात. भांडणाचं कारण मागंच राहतं आणि त्या खुर्चीवर येणाऱ्या पुढच्या माणसाच्या वाट्याला येतं.

दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या बांधल्या जातात. शहाणा मुकादम तेव्हा कोयते नुसते मोजत बसत नाही. गेल्या हंगामात कुणाचं कुणाशी बिनसलं होतं हे त्याला आठवत असतं. त्या दोन घरांना तो समोरासमोर बसवतो, काय झालं ते त्यांच्याच तोंडून ऐकतो, आणि त्यांचं मिटलं तरच दोघांची भांडीकुंडी एका गाडीत चढतात.