वेदनेची हाक

वेदना ही आपली वैरीण नव्हे. ती देहाची राखणदार आहे. शरीरास इजा झाली, की तेथे प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये निर्माण होतात व मज्जातंतू हळवे होतात. अ‍ॅस्पिरिन ही द्रव्ये तयार होऊ देत नाही, हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवून दिले. परंतु हीच द्रव्ये जठराच्या अस्तराचेही रक्षण करतात. म्हणून अ‍ॅस्पिरिनच्या अतिसेवनाने जठरात व्रण पडू शकतात. पॅरासिटामॉल प्रमाणाबाहेर घेतल्यास यकृताची हानी होते. शिवाय गोळीने दुखणे थांबले, तरी त्याचे मूळ कायम राहू शकते. राखणदाराचे तोंड बांधले, म्हणून चोर पळून जात नाही! तेव्हा मुलांनो, आपल्या मनाने गोळी घेऊ नका. आधी वडीलधाऱ्यांस सांगा, डॉक्टरांना विचारा. योग्य मात्रेतच औषध हे औषध असते.