ताटापुढची लढाई थांबवा

‘सिस्टिक फायब्रोसिस’ या आनुवंशिक आजारात स्वादुपिंडाचा पाचकरस बहुधा आतड्यात पोहोचत नाही. मूल खाते, पण अंगी लागत नाही. वजन रोडावले की फुफ्फुसेही कमजोर होतात. धास्तावलेले आईवडील मग बळजबरीने भरवतात आणि मूल ताटालाच घाबरते. पहूरसारख्या गावातल्या पालकांना महागड्या पावडरींपेक्षा नेमका सल्ला हवा. प्रत्येक जेवणाच्या सुरुवातीला एन्झाइम द्यावे, त्याचे दाणे चावू देऊ नयेत. वरण-बट्टीवर सढळ तूप घालावे. खान्देशी उन्हाळ्यात डॉक्टरांना विचारून मीठ वाढवावे. जेवण साधारण 20 मिनिटांत आटोपावे. खाल्ले तर कौतुक, नाकारले तर दुर्लक्ष. सरकारी बालरुग्ण विभागांनी हे समजावणे उपचारच मानावे.