गावचे दप्तर आणि बागाईतदाराचे संकेतस्थळ

शेतकऱ्याने आपला माल ग्राहकास थेट विकावा, हा उपदेश आपण सर्वांनी पुष्कळ ऐकला आहे. निफाड व दिंडोरी या बाजूच्या कित्येक तरुण बागाईतदारांनी तो मनावर घेऊन आपापली संकेतस्थळे, ज्यांस आपण बोलण्यात वेबसाईट म्हणतो ती, करवून घेतली आहेत. ही गोष्ट अभिनंदनीय होय. परंतु त्यांपैकी जी प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आली, त्यांतील बहुतेकांत शोभा भरपूर, आणि गिऱ्हाइकास जे हवे तेच नेमके सापडत नाही. कोणते पान कशासाठी, याचा विचार कारागिराकडे जाण्यापूर्वी कोणी करीत नाही, हे याचे कारण आहे, असे आमचे मत आहे.

आमच्या घरचीच गोष्ट सांगतो. पुतण्याने बेदाण्याच्या विक्रीसाठी चांगले अकरा पानांचे संकेतस्थळ करविले. पहिल्या पानावर कोठल्याशा परदेशी द्राक्षमळ्याचे चित्र, पुढे 'आमचे ध्येय', त्यापुढे 'आमचा प्रवास'. बेदाणा किती वजनाच्या पिशवीत मिळतो, भाव काय, गाव कोणते, याचा मात्र कोठेही उल्लेख नाही. पुण्याच्या एका गृहस्थांस पाच किलो माल हवा होता. त्यांनी गावातील ओळखीच्या माणसाकडून फोन नंबर मिळविला, तेव्हा तो विकला गेला. याहून मोठे नुकसान पुढेच होते. संकेतस्थळाचे नाव करणाऱ्याने स्वतःच्याच नावे नोंदविले होते. दुसऱ्या वर्षी देण्याघेण्यावरून खटका उडाला आणि ते नाव बंद पडले. तोच पत्ता छापलेल्या पिशव्या आजही आमच्या माळ्यावर पडून आहेत.

आपल्या सातबाऱ्यावर परक्याचे नाव खुशीने लागू देणारा शेतकरी आम्ही महसूल खात्यातील तीस वर्षांच्या कारकुनीत एकही पाहिला नाही. मग संकेतस्थळाच्या नावाविषयीच ही बेफिकिरी का? नाव आपल्या नावे, आपल्या ईमेलवर व आपल्या फोन नंबरवर नोंदवावे, दरसाल नूतनीकरणाची तारीख लिहून ठेवावी, आणि परवलीचा शब्द घरात असावा. हे झाल्याशिवाय पुढील एकही पैसा देऊ नये.

आता पानांविषयी. गावच्या दप्तरात एक ते एकवीस असे नमुने असतात, आणि प्रत्येकाचे काम ठरलेले असते. सात नंबर हक्क कोणाचा ते सांगतो, बारा नंबर पीक कोणते ते सांगतो, सहा नंबरात फेरफार नोंदतात. एकाचे काम दुसऱ्यात घातले, तर तलाठ्यासही कागद सापडत नाही. शेतकऱ्यास एकवीस नमुन्यांची गरज नाही. पाच पाने पुरेत.

पहिले पान सात नंबराचे. बाग कोणाची, गाव व तालुका कोणता, काय विकतो आणि कोणत्या महिन्यात, इतके फोनच्या पडद्यावर बोट न सरकविता दिसावे. चित्र आपल्याच बागेचे घालावे. मग ते साधे असले तरी चालेल.

दुसरे पान बारा नंबराचे, म्हणजे मालाचे. वाण, प्रत, पेटीचे वजन व भाव. आपल्याकडे द्राक्षाची काढणी साधारण जानेवारी ते एप्रिल चालते. जून महिन्यात 'ताजी द्राक्षे उपलब्ध' असे दिसले, तर गिऱ्हाइकाचा बाकीच्या मजकुरावरचाही विश्वास उडतो. म्हणून भावाखाली तारीख घालावी आणि दर आठवड्यास फेरफार करावा. हे जमणार नसेल, तर भाव न लिहिता 'फोनवर विचारावा' असे स्पष्ट म्हणावे.

तिसरे पान लागवडीचे, आणि आमच्या मते हेच सर्वांत मोलाचे. २०१० साली युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट या संजीवकाचा अंश निघाला, माल नाकारला गेला, आणि त्याची झळ नाशिकच्या बागाईतदारांस पोहोचली. निर्यातीच्या बागांची नोंद २००६ पासून ग्रेपनेटमध्ये होत होती, म्हणून पेटीवरून बागेपर्यंत माग काढता येत होता. दूरचा गिऱ्हाईक फवारणी कोणती व कधी हे विचारतो, हा त्यातील धडा होय. मुंबईचा गिऱ्हाईकही आता तेच विचारतो. तेव्हा अंश तपासणीचा अहवाल असेल तर तारखेसह द्यावा. नसेल तर 'विषमुक्त' हा शब्द लिहू नये. नाशिकच्या द्राक्षांस व लासलगावच्या कांद्यास भौगोलिक मानांकन आहे, परंतु ते चिन्ह लावण्याचा अधिकार नोंदलेल्या अधिकृत वापरकर्त्यासच आहे.

चौथे पान व्यवहाराचे. पैसे कसे द्यावयाचे, पेटी किती दिवसांत पोहोचते, वाटेत माल नासला तर भरपाई कोणी द्यावयाची, हे आधीच लिहिले म्हणजे पुढील भांडण टळते. बेदाण्यासारखा प्रक्रिया केलेला माल विकणाऱ्याने अन्न सुरक्षेच्या नोंदणीचा १४ आकडी क्रमांक येथेच द्यावा.

पाचवे पान पत्त्याचे. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांप्रमाणे विक्रेत्याने नाव, पत्ता व तक्रार ऐकणारा अधिकारी जाहीर करावा लागतो. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हावे लागते. फोन घरी कोण उचलतो, हेही ठरवून ठेवावे.

कोणी म्हणतील, माल पिंपळगावच्या बाजार समितीत जातो आणि उरलेला व्हॉट्सॲपवर खपतो, मग हा खटाटोप कशास? ज्यांचा सर्व माल समितीत जातो, त्यांनी खरोखरच हा खर्च करू नये. व्हॉट्सॲपवर मात्र ओळखीचाच गिऱ्हाईक येतो, आणि कालचा निरोप आज खाली गेलेला असतो. अनोळखी माणसास विश्वास वाटावा असा ठाव पाहिजे असेल, तरच संकेतस्थळ करावे, आणि तेही नीट करावे.

आमची सूचना इतकीच की, प्रथम पाच कोरे कागद घ्यावेत, प्रत्येकावर एका पानाचा मजकूर स्वहस्ते लिहावा, आणि शहरात राहणाऱ्या एखाद्या नातलगास वाचावयास द्यावा. वाचून त्याने जे प्रश्न विचारले, त्यांची उत्तरे त्या कागदांवर भरावीत. नंतरच कारागिराकडे जावे. आपल्या संस्थेने पुढील मासिक सभेत अशा कागदांसाठी एक तास राखून ठेवला, तर कित्येकांचे पैसे वाचतील, आणि पिशव्या माळ्यावर पडून राहणार नाहीत.